शेवटच्या बेटावरची विहीर

राजाजीनगर, बेंगळूर
११ मार्च १९९६

ती. अण्णांना,

श्यामलाचा नमस्कार. वहिनींना आणि आईंनाही सांगावा.

संताजीबरोबर पाठवलेली काकवी आणि शेंगा पोचल्या. पोरगा शहाणा आहे. चुलतीकडे आलाय म्हणून नुसता बसून राहिला नाही, गच्चीवरची टाकी घासून दिली आणि मगच निपाणीची गाडी पकडली. आईंचा गुडघा आता कसा आहे? सिद्धीची परीक्षा जवळ आलीय. अभ्यास कमी आणि पेन्सिलींना टोक काढणं जास्त चाललंय.

इथे उन्हाळा आत्ताच बसलाय. कावेरीचं पाणी तिसऱ्या दिवशी येतं. शेजारच्या भाग्यलक्ष्मी अक्कांनी बोअर मारायला घेतलंय. गाडी सुरू झाली की अख्खी गल्ली हादरते, कपाटातली भांडी वाजतात आणि राखेसारखा चिखल वाहत आपल्या अंगणात येतो. सांगायला गेले तर थोडं चालवून घ्या म्हणाल्या, "स्वल्प अडजस्ट माडी, श्यामला," आणि हातात उप्पिटाची बशी दिली. काय बोलणार?

ह्यांच्याबद्दल आपण विचारलंत. काम लांबलंय. मुक्काम एका जागी नाही, तेव्हा तिकडच्या पत्त्यावर पत्र पाठवू नका, माझ्याकडेच पाठवा.

आपण लिहिलंत, दुसऱ्याच्या देशात जाऊन विहिरी मोजायचं काम आपल्या माणसाने का करावं. राग मानू नका, पण ते काम मी नीट सांगते, म्हणजे आईंनाही समजावता येईल. तो देश म्हणजे समुद्रात विखुरलेली चिमुकली बेटं. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. पाऊस पडतो तो वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा तरंगत राहतो. विहीर खणायची ती त्या सायीपुरती. हावरटपणा करून उपसलं की खालून समुद्र वर येतो आणि विहीर कायमची जाते.

कुठल्या विहिरीवर कुणी भरायचं हे तिथल्या लोकांना तोंडपाठ होतं, लिहिलेलं काहीच नव्हतं. आता राजधानीत माणसं मावेनात, बाहेरच्या हॉटेल कंपन्या बेटं मागायला लागल्या, म्हणून सरकारला कायदा हवाय. तो लिहायचं काम आमच्या संस्थेकडे आलं. हे जमिनीखालचं पाणी बघणारे आणि मी मसुदा लिहिणारी, म्हणून आम्ही दोघंही त्यात. कायद्यात एक कलम आहे. ज्या बेटावरच्या विहिरीवर कुणाचाच हक्क नाही ते ओसाड धरायचं, आणि ओसाड बेट सरकारने भाड्याने द्यायचं. हक्क सांगणारी माणसं असतील तर ते बेट कुणालाच देता येणार नाही.

म्हणून हे होडीने बेटाबेटांवर जातात. लोकांना विहिरीपाशी बोलावतात, टेपरेकॉर्डर लावतात आणि विचारतात, "या विहिरीचं पाणी कोण भरतं?" माणसं त्यांच्या भाषेत सांगतात, दुभाषा इंग्रजीत सांगतो, कॅसेट विमानाने इकडे येते. मी ऑफिसात हेडफोन लावून ऐकते आणि बेट, विहीर, हक्कदार असं कायद्याच्या परिशिष्टात लिहून काढते.

खरं सांगू का, यासारखी नोकरी नाही. नवरा हजारो मैल लांब, आणि मी पगार घेऊन दिवसभर त्याचा आवाज ऐकते! प्रश्न विचारायच्या आधी हे घसा खाकरतात, म्हातारं माणूस बोलत असलं की मध्येच "बरं, बरं" म्हणतात. त्या लोकांना काय कळतं कोण जाणे. कॅसेटच्या शेवटी जागा उरली तर माझ्यासाठी दोन वाक्यं मराठीत असतात. "श्यामला, इथे नारळाच्या पाण्यात भात शिजवतात. सिद्धीला सांग, शंख ठेवलाय."

मागच्या आठवड्यात नवं पाकीट आलं. त्यात शेवटच्या बेटाची कॅसेट आहे. इतर कॅसेटींपेक्षा वेगळी वाटली. बाकी सगळ्यांत मागे समुद्र सतत वाजत असतो, इतका की मला आता तो ऐकू येईनासा झालाय. या एका कॅसेटमध्ये समुद्र नाही. विहिरीचा दोर घासल्याचा आवाज येतो, माणसं बोलतात, आणि बाकी सगळं कापूस भरल्यासारखं गप्प. यंत्रात काही बिघाड असेल.

आईंना सांगा, आवाज ठणठणीत आहे. सर्दीसुद्धा नाही.

आपली,
श्यामला

*

राजाजीनगर
२ जून १९९६

ती. अण्णांना,

नमस्कार.

आपण संस्थेत फोन केलात आणि आमच्या संचालकांना, जयसिंगरावांना, बोलता येईना, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यानंतर आलेलं आपलं पत्र मी चारपाच वेळा वाचलं. आपण मला एक अक्षरही टोचून लिहिलेलं नाही. लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

तर आता लिहिते.

फेब्रुवारी संपता संपता हे शेवटच्या बेटाकडे निघाले. दुभाष्याला ताप होता, तो अलीकडच्या बेटावर विश्रामगृहात राहिला. बरोबर फक्त होडीवाला. खरं तर त्या बेटावर कुणी राहत नाही असं सगळेच म्हणत होते, पण जुन्या नकाशात विहीर दाखवली होती. "विहीर आहे म्हणजे विचारायला हवं," असं हे म्हणाल्याचं दुभाष्याने सांगितलं. ठरल्या वेळी होडी परतली नाही. पुढे ती अलीकडच्या खडकांवर पालथी सापडली. दोघंही सापडले नाहीत.

मार्चमध्ये मी आपल्याला पत्र लिहिलं तेव्हा हे सगळं कळवणारा तिकडचा फॅक्स माझ्या पर्समध्ये होता. आवाज ठणठणीत आहे असं लिहिलं, कारण तेवढंच माझ्याजवळ खरं होतं.

आणखी एक आहे. ते कसं लिहायचं हे कळत नव्हतं म्हणूनही इतके दिवस गेले.

होडीत पिण्याच्या पाण्याचा कॅन दोरीने बांधलेला होता, तो काठोकाठ भरलेला सापडला. बरोबरचं खाणंही तसंच. म्हणजे अण्णा, होडी जाताना उलटली. येताना नव्हे. ते त्या बेटावर पोचलेच नाहीत. तिकडच्या पोलिसांनीही तसंच लिहिलंय.

मग ती कॅसेट कुठून आली?

मी दुभाष्याला फोन लावला. तिकडचा फोन उपग्रहावरून येतो, आपण बोललेलं पोचायला वेळ लागतो, आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येतो. तो म्हणाला, "बाई, विश्रामगृहातल्या टेबलावर कॅसेटी होत्या, मी सगळ्या पाकिटात घातल्या. त्या बेटाची त्यांत होती हे तुमच्याकडून कळतंय." वरच्या चिकटपट्टीवर ह्यांचं अक्षर आहे. बेटाचं नाव आहे. ते अक्षर मी ओळखणार नाही तर कोण?

जयसिंगरावांनी तिकडच्या सरकारला विचारलं की या बेटावर वस्ती किती. उत्तर आलं, शून्य. तिथली विहीर एका पिढीपूर्वी खारी झाली, माणसांना उठवून राजधानीत नेलं. तिथे ती गर्दीत, नळाच्या रांगेत, एकेक करून संपली. मागे कुणी उरलं नाही.

पण कॅसेटवर माणसं बोलतात. हे इंग्रजीत विचारतात, "या विहिरीचं पाणी कोण भरतं?" एक बाई उत्तर देते. दुभाषा नाही, तरी ह्यांना कळतं. "बरं," म्हणतात. नाव विचारून घेतात, घरात कोण कोण आहे ते विचारतात. मग एक म्हातारा. मग एक तरणी बाई, तिच्या कडेवर मूल असावं, ते मध्येमध्ये कुरकुरतं. तिसऱ्या चौथ्या माणसापासून ह्यांनी इंग्रजी सोडलंय. सरळ आपल्या निपाणीच्या मराठीत विचारतात, "आणि तुमच्या मागनं कोण भरतं?" तेही न अडखळता त्यांच्या भाषेत सांगतात. घाई नाही, गडबड नाही. बाजाराच्या दिवशी आपले आप्पा ओट्यावर बसून बोलायचे तसं चाललंय.

मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. म्हणून मी मल्लाप्पांना ऐकवलं. ते आमच्या ऑफिसातले जुने मसुदाकार, बेळगावचे, उगाच बोलणारे नव्हेत. दुपारची वेळ होती, बाहेर ऊन, शेजारच्या खोलीत टाइपरायटर चाललेले. त्यांनी पूर्ण कॅसेट ऐकली. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आपले हात धोतराला पुसले, जणू काही ओलं लागलंय.

"श्यामलाक्का," म्हणाले, "सगळं बरोबर हाय की हो. साक्ष कशी घ्यावी तशी घेतलीय. पण शेवटी साहेब कुणाला उत्तर द्यायला लागलेत?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"इतका वेळ साहेब विचारतात, ते सांगतात. शेवटी ते विचारतात आणि साहेब सांगतात."

अण्णा, मी शेवटपर्यंत कधी ऐकलेलंच नाही. दुसरी बाजू संपत आली की माझा हात आपोआप बटणावर जातो.

आईंना काय सांगायचं ते आपण ठरवा. मला तिथे येऊन सांगायला हवं होतं, पण मी आत्ता निपाणीला आले तर आईंच्या समोर उभी राहू शकणार नाही. सिद्धीला मी होडीचं सांगितलं. कॅसेटचं नाही. ती विचारते, बाबांना पोहता येत होतं ना. येत होतं.

श्यामला

*

राजाजीनगर
३० सप्टेंबर १९९६

ती. अण्णांना,

नमस्कार. संताजी येऊन गेला. या खेपेस तो फार बोलला नाही. निघताना म्हणाला, "काकू, अण्णांना लेखी उत्तर पाहिजे." म्हणून हे पत्र. उत्तराआधी जे झालं ते सगळं सांगते. त्याशिवाय माझं उत्तर आपल्याला विचित्र वाटेल. सांगितल्यावरही वाटेल कदाचित.

जूनअखेर मसुदा द्यायचा होता. जयसिंगरावांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. चांगला माणूस आहे, माझ्या नजरेला नजर देत नव्हते.

"श्यामलाबाई, शेवटचं बेट ओसाडच्या यादीत टाका. सरकारच म्हणतंय तिथे कुणी नाही. एक कंपनी त्या बेटावर हॉटेल काढायला बसलीय. आपण कशाला मध्ये पडायचं?"

मी म्हटलं, "साक्ष आहे."

"कुणाची? मेलेल्यांची?"

त्यांच्या तोंडून ते निसटलं. मी म्हटलं, मला आजचा दिवस द्या. आणि जागेवर येऊन कॅसेट लावली.

शेजारच्या टेबलावर मल्लाप्पा होते. त्यांनी लिहायचं थांबवलं.

शेवटची साक्ष संपते. दोर घासल्याचा आवाज थांबतो. मग ती पहिली बाई पुन्हा बोलते, सगळ्यात आधी जिने उत्तर दिलं होतं ती. प्रश्न विचारल्यासारखा तिचा सूर वर जातो. मला त्या भाषेतला शब्दही येत नाही, पण इतक्या कॅसेटी ऐकल्यावर तो एक प्रश्न मला पाठ झाला होता, कारण दुभाषा तोच सारखा लोकांना विचारायचा. तिने ह्यांना विचारलं, या विहिरीचं पाणी कोण भरतं?

हे घसा खाकरतात.

"पुरुषोत्तम कल्लाप्पा चौगुले," म्हणतात. "हो. माझंही लिहा."

मग बादली विहिरीत पडते. पाणी ओतल्याचा आवाज येतो आणि कुणीतरी पितं, अण्णा, खूप वेळ, तहानलेलं माणूस श्वास न घेता पितं तसं. आणि त्यानंतर एकदम समुद्र सुरू होतो. कॅसेट संपेपर्यंत समुद्रच. माझ्यासाठी दोन वाक्यं नव्हती. जागा उरली होती, तरी नव्हती.

मी रडले नाही. मला एकदम गार वाटलं, जून महिन्यात, पंख्याखाली. मल्लाप्पांनी स्वतःच्या तांब्यातलं पाणी पुढे केलं. मला ते घेववेना.

मग मी टाइपरायटरला कागद लावला. आमच्याच मसुद्यात लिहिलंय की नेमलेल्या अधिकाऱ्याने विहिरीपाशी घेतलेली तोंडी साक्ष हा हक्काचा पुरावा. ते कलम आम्ही दोघांनी घरी जेवता जेवता बोलून पक्कं केलं होतं. हे म्हणत होते, "कागद कुठून आणणार ती माणसं? बोलली ते खरं धरायला हवं." नेमलेला अधिकारी म्हणजे हेच. साक्ष विहिरीपाशी घेतलेली. साक्षीदार जिवंत असावा असं त्या कलमात म्हटलेलं नाही, कारण ते म्हणायची वेळ येईल असं आम्हाला सुचलंच नव्हतं.

मी बेटाचं नाव लिहिलं. विहीर लिहिली. मल्लाप्पा कॅसेट ऐकून टिपलेलं एकेक नाव वाचत गेले, मी टाइप करत गेले. शेवटच्या नावाशी माझी बोटं थांबली. लग्नाच्या उखाण्यानंतर मी हे नाव आपल्या घरात तोंडाने घेतलेलं नाही, आपल्याला माहीत आहे. आणि तिथे ते लिहिलं म्हणजे हे तिथले झाले. परत येणारा माणूस दुसऱ्याच्या विहिरीवर हक्क सांगत नाही. मार्चपासून मी दाराची वरची कडी लावत नव्हते, बाहेरून उघडता यावं म्हणून. ते नाव टाइप करताना मला कळलं की आज घरी गेल्यावर मी कडी लावणार आहे.

मल्लाप्पा हळूच म्हणाले, "त्यांनी लिहा म्हटलंय, अक्का."

लिहिलं.

जयसिंगरावांनी तो कागद किती तरी वेळ हातात धरला. "तिकडे हसतील," म्हणाले. पण सही केली.

तिकडे कुणी हसलं नाही. कंपनीने हरकत घेतली, म्हणून सरकारने प्रत्यक्ष पाहणीसाठी लाँच पाठवली. बरोबर दुभाषा होता. परत आल्यावर त्याने मला फोन केला. मागच्या पत्रात सांगितलं तसा तो फोन, प्रत्येक वाक्यानंतर पोकळी.

बेटावर माणूस नाही, तो म्हणाला. घरांचे नुसते चौथरे, त्यांवर झाडं उगवलेली. आम्ही हाका मारल्या. पक्षीसुद्धा उडाला नाही. मग विहीर सापडली. भोवतालची वाळू झाडलेली होती, आमच्याकडे बायका सकाळी अंगण झाडतात तशी, खराट्याच्या रेघा दिसत होत्या. दोर नवा, नारळाच्या काथ्याचा. आणि भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, दोर ओला होता.

मी विचारलं, पाणी?

पोकळी. मग त्याचा आवाज आला. "गोड, बाई. मी प्यालो. अधिकारीही प्याला. त्याने कागदावर लिहिलं, विहीर वापरात आहे. आणि आम्ही पटकन परत फिरलो."

ऑगस्टमध्ये कायदा झाला. ते बेट परिशिष्टात आहे. कंपनी दुसरीकडे गेली. छापील प्रत परवा आली, ती मी कपाटात साड्यांखाली ठेवलीय. सिद्धीला मी सगळं सांगितलं. ती घाबरेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "तिथे बाबांचा नंबर कितवा लागतो?" मी म्हटलं, शेवटचा, ते नवे आहेत ना. तिला ते पटलं. गणपतीत तिने भाग्यलक्ष्मी अक्कांकडे आरतीच्या वेळी पहिल्यांदा हसून टाळ्या वाजवल्या.

आता आपला प्रश्न. सर्वपित्रीला पाणी द्यायचं का, असं आपण विचारलंत. आई म्हणतात, एकदाचं होऊ दे, पोराचा जीव तहानेला राहायला नको. आपण धाकट्या भावाला पाणी देणार म्हणजे आपल्या हातांना काय होणार हे मला समजतं. मी कायदा शिकलेली बाई. बेपत्ता माणसाला किती वर्षांनी मेलेला धरायचं ते मला येतं. त्यातलं काही मी इथे सांगत नाही.

एवढंच सांगते. ह्यांना पाणी देऊ नका, अण्णा. कधीच देऊ नका. ते तहानलेले नाहीत. त्यांच्या वाट्याचं पाणी त्यांना मिळालंय, त्यांनी ते मागून घेतलंय, आणि मी माझ्या हातांनी लिहून दिलंय. त्या बेटावर ज्यांना पाणी द्यायला मागे कुणी उरलं नव्हतं, त्यांच्यात ते जाऊन बसलेत. आपण इथून दर्भाने पाणी सोडलं तर ते ह्यांना बोलावल्यासारखं होईल. ह्यांनी उठून यावं असं मला किती वाटतं हे आईंना सांगू नका. पण ते आता इथले म्हणून येणार नाहीत, आणि तसं कुणी माझ्या दारात आलेलं मला सोसणार नाही. कडी मी लावलेली आहे.

आईंनी विचारलं तर खालची सही त्यांना वाचून दाखवा. मी ती विचार करून केली आहे.

आपली,
सौ. श्यामला पुरुषोत्तम चौगुले